ओपनसीव्ही सोर्सवरून बिल्ड व्हईना, तीन लॅपटॉप तीन तऱ्हा

गोदाकाठ_नांदेड:
फायनल इयरला सोयाबीनच्या प्लॉटचे ड्रोनवरून काढलेले फोटो जोडून एक मोठा फोटो करायलोत, सी प्लस प्लस मधी. सिफ्ट (दोन फोटोंतले जुळणारे ठिपके शोधायची पद्धत) लागतं म्हणून एका व्हिडिओत बघून ओपनसीव्ही (फोटोवर काम करायची कोडची लायब्ररी) आन काँट्रिब (तिचे जादा मॉड्यूल) दोन्ही सोर्सवरून बिल्ड करायलोय, म्हणजे मूळ कोड स्वतःच कंपाईल करायलोय. माझ्या उबंटूवर (४ जीबी रॅम) मेक जे ८ (एकदम आठ कामं कंपाईलला) दिलं की माऊस पण हलत नाही आन मग 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसीवनप्लस' येतं. विंडोजवाल्या दोस्तानं रेडीमेड झिप उतरवली, कोडब्लॉक्समधी मिनजीडब्ल्यू कंपायलर हाय, तिथं नुसत्या अनडिफाईन्ड रेफरन्स एररच्या ओळी. तिसऱ्याकडं एम वन मॅक (एआरएम चिपवाला), त्याचं लिंकिंगला अडकायलंय. सबमिशन डोक्यावर आलंय, कुणीतरी सांगा राव

जर्मनी_नव्हे_परभणी:
व्हिडिओ लै जुना दिसतोय. सिफ्टचं पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आन ४.४.० पासून ते मेन ओपनसीव्हीतच आलं, तवा काँट्रिबचं लचांड कशाला घेतलं. किल्ड म्हणजे रॅम संपली, कर्नलनं कंपायलर मारला, कोडात काही खोट नाही. मेक जे २ दे, ४ जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) कर, आन सीमेकला (बिल्डची तयारी करणारं टूल) बिल्ड लिस्टमधी स्टिचिंग, इमेजकोडेक्स, हायजीयूआय एवढेच मॉड्यूल सांग, त्यांना लागणारे बाकीचे ते स्वतःच ओढून घेतं. आधीचं बिल्ड फोल्डर पूर्ण उडव, नाहीतर सीमेक कॅशमधलंच जुनं धरून बसतं.

आन एक, सीमेक संपल्यावर जी लांबलचक समरी येते ती कुणीच वाचत नाही. त्यात जीयूआयखाली जीटीके (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी लायब्ररी) 'नो' असलं तर बिल्ड निवांत होतो आन मग इमशोला (फोटो खिडकीत दाखवायचं फंक्शन) 'फंक्शन इज नॉट इम्प्लिमेंटेड' म्हणून प्रोग्राम आडवा पडतो. लिबजीटीके डेव्ह पॅकेज आधी टाक.

लातूर_पॅटर्न:
विंडोजची ती झिप व्हिज्युअल सी प्लस प्लसनं बनवलेली असते, आत व्हीसी १६ असं फोल्डरच असतं बघा. मिनजीडब्ल्यूला ती कशी चालणार, सी प्लस प्लसच्या फंक्शनला आतून नावं द्यायची दोघांची पद्धतच वेगळी. एकतर मिनजीडब्ल्यूनं स्वतः बिल्ड करा नाहीतर कंपायलर बदला, मी म्हणतो बदलाच. नंतर एक्सई चालताना डीएलएल सापडत नाही म्हणलं तर बिन फोल्डर पाथमधी टाका.
मॅकवाल्याला म्हणावं एरर नीट वाच, 'एआरएम ६४ साठी बिल्ड करताना एक्स८६ ची फाईल' असं काही असलं तर जुन्या इंटेल मॅकमधून आलेलं होमब्रू (पॅकेज टाकायचं टूल) घुसलंय. व्हिच ब्रू मारून बघ, ऑप्ट होमब्रू आलं पाहिजे, यूझर लोकल नाही.

गोदाकाठ_नांदेड:
दादा मॅकवर अगदी तेच निघालं, यूझर लोकल. उबंटूवर काँट्रिब काढून जे २ नं लावलंय, हळू हाय पण मरंना तरी, फक्त लाईट टिकली पाहिजे. विंडोजला व्हिज्युअल स्टुडिओ सगळं टाकावं लागतं का? होस्टेलच्या नेटवर उतरंना ते

लातूर_पॅटर्न:
निस्ते बिल्ड टूल्स बास, त्यात सी प्लस प्लस डेस्कटॉपवाल्या खान्यावर टिक कर. तेबी काही जीबी हायच, रात्री लाव.