बेस गिटारच्या कॅबिनेटसमोर कोणता मायक्रोफोन लावावा?

जाडतार :

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यातला तिघांचा बँड आहे आणि स्वतः रचलेल्या पाच मराठी गाण्यांचे रेकॉर्डिंग सध्या आम्ही करत आहोत. ड्रम स्टुडिओत वाजवून झाले आहेत, बाकीचे सगळे घरी होणार आहे. माझ्याकडे चार तारांची बेस गिटार, एक ट्रान्झिस्टर हेड, म्हणजे अ‍ॅम्प, आणि दहा इंची दोन स्पीकर, पुढे हवेसाठी पोर्ट (भोक) व वर उंच स्वरांचा छोटा ट्वीटर असलेले कॅबिनेट आहे. खोली दहा बाय बारा फुटांची असून छतही साधारण दहा फुटांवर आहे. संगणकाला जोडायच्या इंटरफेसला दोनच इनपुट असल्यामुळे एकात गिटारचा थेट सिग्नल, म्हणजे डीआय, आणि दुसऱ्यात कॅबिनेटसमोर लावलेला शुअर एसएम ५७ अशी जोडणी मी केली आहे.

मला तीन गोष्टी खटकतात. माईकचा ट्रॅक डीआयच्या मानाने फारच किरकोळ, हडकुळा वाटतो. खोलीत मोकळी ए तार छेडली की भिंती घुमतात, पण शेजारचे स्वर तसे घुमत नाहीत. तिसरी गोष्ट सगळ्यात विचित्र आहे : ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर लांबवला, की माईकच्या ट्रॅकमध्ये तो साधारण सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो, डीआयमध्ये मात्र तो सरळ असतो. या सगळ्याला माझा माईकच कारणीभूत आहे असे समजून मी २५,००० रुपयांपर्यंत नवा माईक घ्यायचे ठरवले आहे. बेस ड्रमसाठी बनवलेल्या काही माईकच्या माहितीपत्रकात खाली २० हर्ट्झपर्यंतचा पल्ला दिलेला असतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. आपण काय सुचवाल?

तालीमखोली :

एकेजी डी ११२ घ्यावा, तो आपल्या रकमेत बसेल. आम्ही जड धाटणीचे संगीत वाजवतो आणि त्यात गिटारांच्या दाटीतून बेस वर काढण्यासाठी हा माईक मला अनेकदा उपयोगी पडला आहे. त्याला १०० हर्ट्झच्या आसपास भरदारपणा आहे आणि वरच्या भागात एक उठाव आहे, त्यामुळे बोटांचा किंवा पिकचा ठोका स्पष्ट ऐकू येतो. आवाज कितीही मोठा ठेवला तरी तो डगमगत नाही.

मंद्रसप्तक :

डी ११२ वाईट नाही, तालीमखोली यांच्या संगीतात तो शोभतही असेल, पण जाडतार, आपल्या तिन्ही तक्रारींपैकी एकही तक्रार नवा माईक घेऊन पूर्णपणे सुटणार नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी माझे थोडे सविस्तर म्हणणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

सेकंदाला एकदा फुगणाऱ्या स्वरापासून सुरुवात करतो, कारण आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की कारण त्यातच सापडते. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा असतो आणि आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची असते. इतक्या जवळचे दोन आवाज एकत्र आले की त्यांच्यातल्या फरकाएवढे, म्हणजे सेकंदाला साधारण एक, असे हेलकावे ऐकू येतात. तंबोरा लावताना जोडीच्या तारा अगदी जवळ येऊनही जुळलेल्या नसतात, तेव्हा जे ऐकू येते, तेच हे. आता प्रश्न उरतो की माईकमध्ये ही ५० हर्ट्झची गुणगुण कुठून आली. आपले हेड कॅबिनेटच्या डोक्यावरच ठेवलेले असणार, असा माझा अंदाज आहे. हेडमधल्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असते, आणि डायनॅमिक माईक म्हणजे मुळात चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी असल्यामुळे ते क्षेत्र तिच्यात आपली गुणगुण उमटवते. शिवाय एसएम ५७ खालच्या स्वरांना हळूहळू सोडून देणारा माईक आहे, त्यामुळे ४९ हर्ट्झचा खरा आवाज त्यात मुळातच क्षीण येतो. चुंबकामुळे शिरलेली गुणगुण मात्र माईकच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या पडद्यामार्गे येतच नसल्याने क्षीण होत नाही. स्वर आणि गुणगुण सारख्या ताकदीचे झाले की हेलकावे उठून दिसतात.

हे पडताळण्यासाठी हेड चालू ठेवून त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा, हेडफोन लावावा आणि माईक हातात धरून जागच्या जागी फिरवून पाहावा. गुणगुण फिरवण्यानुसार कमीजास्त झाली, तर ती चुंबकीयच आहे आणि हेड चार-पाच फूट बाजूला नेल्यावर ती बहुतांशी जाईल. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो : गुणगुण घालवण्यासाठी अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कुणीही, कधीही काढू नये. गिटारच्या तारांना बोटे लागलेली असतात, त्यामुळे तो थेट जिवाशी खेळ होतो.

आता घुमणाऱ्या ए तारेबद्दल. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज ठाण मांडून बसतो, आणि मोकळी ए तार ५५ हर्ट्झची असते. आपल्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असल्यामुळे हा घुमारा दुप्पट जोर धरतो. बारा फुटांच्या दिशेने असाच घुमारा ४७ हर्ट्झला येतो, म्हणून ई तारेच्या दुसऱ्या पडद्यावरही आपल्याला थोडा त्रास जाणवत असेल. कॅबिनेट कोपऱ्यात असेल तर ते आधी बाहेर काढावे, कारण कोपऱ्यातून खोलीचे सगळेच घुमारे एकदम जागे होतात. माईक जितका स्पीकरच्या जवळ, तितका खोलीचा वाटा कमी. बेसच्या लांबलचक लाटा पूर्ण तयार होण्यासाठी माईक काही फूट दूर हवा, ही समजूत आपल्या कानावर येईल, पण तिच्यात तथ्य नाही. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते हे खरे, तरीही माईकला सगळी लाट एकदम पाहायची नसते, त्याच्या पडद्यापाशी हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो एवढेच त्याला कळावे लागते.

राहिला हडकुळेपणा, आणि इथे माईकची निवड खऱ्या अर्थाने येते. आपण २० हर्ट्झच्या आकड्याला भुललात, पण जे कॅबिनेटमधून बाहेरच पडत नाही ते माईक कुठून आणणार? १९६९ मध्ये आलेल्या अँपेग एसव्हीटी या बेस अ‍ॅम्पचे दहा इंची आठ स्पीकरचे कपाटाएवढे कॅबिनेट सगळ्यांनी पाहिले आहे. कंपनीच्याच आकड्यांनुसार त्याचा आवाज ५८ हर्ट्झपाशीच तीन डेसिबलने उतरलेला असतो. आपल्या दोन स्पीकरच्या कॅबिनेटकडून याहून फार खोल जाण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. खालचा तळ आपल्याकडे डीआयमध्ये आधीच आहे, शुद्ध आणि खोलीच्या घुमाऱ्याशिवाय. कॅबिनेटच्या माईकने द्यायचे असते ते डीआयमध्ये नसलेले : कागदी कोनाचा खरखरीत गुरगुराट, तारेचा ओरखडा, साधारण १०० पासून दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंतचा गाभा. बेस ड्रमसाठी घडवलेले बरेचसे माईक नेमका हाच मधला भाग मुद्दाम खोलगट ठेवतात. ऑडिक्स डी ६ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ड्रमला ते उत्तम शोभते, पण आपल्या गाण्यांत बेस गायला हवी असेल तर तो खड्डा भरताना आपण थकाल.

माझ्या मते या कामाचे दोन राजे आहेत. पहिला इलेक्ट्रो-व्हॉइस आरई २०. दिशाभान असलेला, म्हणजे समोरचाच आवाज जास्त टिपणारा, कुठलाही माईक आवाजाच्या अगदी जवळ नेला की त्यात खर्ज फुगतो, पण आरई २० च्या अंगावरच्या लांबच लांब फटींमुळे हा फुगवटा फारच थोडा होतो. त्यामुळे माईक दोन बोटे पुढेमागे झाला तरी खालचा तोल ढळत नाही, आणि ज्याला वाजवायचेही स्वतःच आणि ऐकायचेही स्वतःच, त्याच्यासाठी हा मोठा आधार असतो. गुणगुण रोखणारी वेगळी गुंडाळीही त्यात आहे. दुसरा, १९६० पासून चालत आलेला सेनहायझर एमडी ४२१. त्याच्या टोकाला खर्ज पायरीपायरीने कमी करणारी पाच टप्प्यांची कडी असते, ती संगीतासाठीच्या ‘एम’ खुणेवर ठेवावी आणि घुमायला लागले तरच एक टप्पा सरकवावी. मधला भाग उघडा आणि ठसठशीत देण्यात मला याच्या तोडीचा दुसरा माईक माहीत नाही. हे दोन्ही नवे घेतले तर आपल्या रकमेच्या बाहेर जातात, परंतु पाच गाण्यांसाठी माईक विकत घेण्याची गरजच काय? एखाद्या स्टुडिओकडून किंवा साउंडवाल्याकडून दोन दिवस भाड्याने आणावा.

त्याआधी हातातल्या एसएम ५७ ला एक न्याय्य संधी द्यावी. जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरची मधली टोपी जिथे कागदी कोनाला मिळते त्या कडेच्या किंचित बाहेर तो लावावा. इतक्या जवळून त्याचा हरवलेला खर्ज बराचसा परत येतो. पोर्टपासून लांब राहावे, कारण तिथल्या हवेच्या झोताने नुसती फुसफुस येते. ट्वीटर बंद ठेवावा. एका खोलीत कॅबिनेट दणाणत असताना हेडफोनवर खर्जाचा अंदाज कधीही येत नाही, म्हणून प्रत्येक जागेवर अर्धा मिनिट तीच ओळ वाजवावी, खोली शांत झाल्यावर ऐकावी आणि मगच माईक हलवावा.

खिडकीबंद :

मंद्रसप्तक यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. गाण्यासाठी घेतलेला मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, म्हणजे विद्युतभारावर चालणारा संवेदनशील माईक, घरात असेल तर तोही लावून पाहावा. न्यूमनचा यू ४७ एफईटी स्टुडिओंमध्ये बेस ड्रम आणि बेस कॅबिनेटसाठी वर्षानुवर्षे वापरला जातो, तेव्हा कंडेन्सर या कामाला नाजूक ठरतो असे मानण्याचे कारण नाही. ऑडिओ-टेक्निका एटी २०२० सारखा स्वस्त माईकही १४४ डेसिबलपर्यंतचा दाब सहन करतो. मात्र कंडेन्सर खोली जास्त ऐकतो आणि त्याला पावसाळा मानवत नाही. हवा दमट झाली की तो मधेच तडतडतो, त्यामुळे जूनपासून तो डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा लागतो. रिबन माईक, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा माईक, पोर्टसमोर कधीच नेऊ नये, झोताने त्याची पट्टी ताणली जाते.

या विषयावर वाचताना मला सगळ्यात आनंद देऊन गेलेली गोष्ट अशी की १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी पॉल मॅकार्टनी यांच्या बेस कॅबिनेटसमोर चक्क दुसरा स्पीकरच माईक म्हणून ठेवला होता. गुंडाळी आणि चुंबक दोघांतही असतात, म्हणून स्पीकर उलटा वापरता येतो, आणि त्याचा मोठा कोन खालचे स्वर छान टिपतो.

जाडतार :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी शेजारची मंडळी कामाला गेल्यावर सगळे करून पाहिले. हेड कॅबिनेटवरच होते. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून माईक फिरवला तेव्हा गुणगुण एका कोनात जवळजवळ नाहीशी झाली आणि दुसऱ्या कोनात कानात भरली. हेड खाली उतरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवले आणि जी स्वराचे हेलकावे गेले. कॅबिनेट कोपऱ्यातून दोन फूट पुढे घेतले.

माईक मी आजवर जाळीपासून वीतभर लांब लावत होतो. तो दोन बोटांवर आणला आणि टोपीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला एकेक सेंटिमीटर सरकवत सात वेळा तीच ओळ वाजवली. टोपीच्या अगदी कडेला बोटांची टकटक फार येते, कोनाच्या काठाकडे गेले की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. तिसऱ्या जागेवर मला हवा तो गुरगुराट सापडला आणि तिथे जाळीवर चिकटपट्टीने खूण केली आहे. खालचा स्पीकर वरच्यापेक्षा थोडा मोकळा वाजतो, हेही पहिल्यांदाच कळले. आता एकच अडचण आहे : हा ट्रॅक डीआयसोबत ऐकला की दोघांचा मिळून आवाज एकेकट्यापेक्षा पातळ होतो.

शून्यडेसिबल :

जाडतार, ही फेजची, म्हणजे दोन ट्रॅकमधल्या लाटांचे चढउतार न जुळण्याची, अडचण आहे आणि ती माईक बदलूनही येईल. डीआय विजेच्या वेगाने पोहोचतो, आणि माईकपर्यंतचे अंतर मात्र आवाजाला हवेतून कापावे लागते. ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद हे प्रमाण लक्षात ठेवावे. आपण वीतभर, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरवर माईक लावत होतात तेव्हा अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर पडत होता आणि दोन्ही ट्रॅक मिसळल्यावर १००० हर्ट्झपाशी खड्डा पडत होता. आता अंतर कमी झाले आहे, तरीही तळ पातळ होत असेल तर बहुधा दोन्ही सिग्नलची पोलॅरिटी उलटसुलट आहे, म्हणजे एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार येतो. आधी माईकच्या ट्रॅकची पोलॅरिटी पालटून ऐकावे. त्यानंतर एखाद्या ठसठशीत स्वराची सुरुवात दोन्ही ट्रॅकमध्ये मोठी करून पाहावी आणि माईकचा ट्रॅक वेळेत आधीच्या बाजूला सरकवून पहिला चढ जुळवावा. ४८ किलोहर्ट्झवर एक मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल (रेकॉर्डिंगमधले आवाजाचे सुटे नमुने), त्यामुळे आपल्याला फार तर दहा-वीस सॅम्पल सरकवावे लागतील. आकृती जुळली तरी शेवटी कानावर विश्वास ठेवावा, कारण कॅबिनेट प्रत्येक स्वराला सारखाच उशीर लावत नाही.

जाडतार :

पोलॅरिटी पालटताच तळ भरून आला. नंतर माईकचा ट्रॅक १४ सॅम्पल आधीच्या बाजूला सरकवल्यावर मधला भागही घट्ट झाला. नवा माईक घेण्याचा बेत रद्द केला आहे. तीन गाण्यांत एसएम ५७ आणि डीआय हेच ठेवणार आहे. उरलेली दोन संथ आहेत, त्यांत बेसच चाल सांभाळते, म्हणून त्यांच्यासाठी एका ओळखीच्या साउंडवाल्याकडून एमडी ४२१ शनिवार-रविवारसाठी सांगून ठेवला आहे. तो चिकटपट्टीच्या त्याच खुणेवर, ‘एम’ टप्प्यावर लावेन आणि दोन्ही माईकवर वाजवलेली तीच ओळ सोमवारी इथे ऐकायला देईन.

मंद्रसप्तक :

अवश्य द्यावी. एमडी ४२१ चे तोंड मोठे असल्यामुळे त्याचा पडदा जाळीपासून थोडा मागे राहील, तेव्हा तो लावल्यावर फेज पुन्हा तपासावी, १४ हाच आकडा गृहीत धरू नये. तारा नव्या घालणार असाल तर शुक्रवारीच घाला, म्हणजे शनिवारपर्यंत त्या बसतील.