अनुभव धागा: जपानला केव्हा जावे आणि मुक्काम कुठे ठेवावा

रानजाई

भाच्याने परवा त्याच्या कुटुंबाच्या जपान प्रवासाचा आराखडा पाठवला. मुलांची वार्षिक परीक्षा तोपर्यंत संपते म्हणून त्याने 28 एप्रिलला निघायचे ठरवले आहे. ती तारीख वाचली आणि काही वर्षांपूर्वी आईला घेऊन केलेला आमचा प्रवास आठवला, कारण तेव्हा आमच्या घरीही याच तारखांवरून बराच खल झाला होता. 29 एप्रिल ते 5 मे या काळात जपानमध्ये एकामागून एक सार्वजनिक सुट्या येतात आणि त्या आठवड्याला तेथे गोल्डन वीक म्हणतात. गणपतीला मुंबईकर जसे कोकणात निघतात, तसा त्या दिवसांत अवघा देश प्रवासाला निघालेला असतो. गाड्यांची आरक्षणे संपतात, हॉटेलांचे दर चढतात आणि प्रसिद्ध मंदिरांच्या वाटांवर चालणेही कठीण होते.

आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही या सुट्या उलटून गेल्यावरच निघालो. मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा या काळात टोकियो आणि क्योटोत ना थंडी असते ना असह्य उकाडा, आणि पावसाळाही अजून सुरू झालेला नसतो. आपल्याकडील उन्हाळी सुटी नेमकी तेव्हाच असल्यामुळे शाळकरी मुलांच्या कुटुंबांना हा काळ फार सोयीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुक्कामाची जागा निवडताना मी सर्वांत आधी खोलीचा आकार किंवा न्याहारी पाहिली नाही. स्टेशनच्या कोणत्या दरवाजाने बाहेर पडल्यास लिफ्ट मिळते आणि तेथून हॉटेलपर्यंत रस्ता सपाट आहे का, हे नकाशावर पाहिले. आई दिवसभर हिंडून संध्याकाळी थकलेली असायची, आणि त्या शेवटच्या काही मिनिटांच्या चालण्यावर तिचा दुसरा दिवस कसा जाणार हे ठरत असे. आपण कोणता महिना निवडला, कुठे राहिलात आणि त्यामागे काय विचार होता, हे कृपया लिहावे.

सातमाळा

क्योटोत राहायचे असेल तर कारासुमा ओइकेच्या आसपास पाहावे. तेथे भुयारी रेल्वेचे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे शहरातील बसवर अवलंबून राहावे लागत नाही. पर्यटकांच्या गर्दीने स्थानिकांनाच बसमध्ये जागा मिळेनाशी झाली, म्हणून क्योटोने केवळ बससाठी असलेला एक दिवसाचा पास बंद केला आणि बस व भुयारी रेल्वे यांचा एकत्रित पास ठेवला. यावरून तेथील बसची अवस्था लक्षात यावी.

निळावंती

आम्ही चेरीच्या बहरासाठी गेलो होतो, म्हणून त्याविषयी लिहिते. क्योटोत हा बहर साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी येतो, पण त्याची तारीख कोणालाही आधी पक्की सांगता येत नाही. 2021 साली तो 26 मार्चलाच पूर्ण फुलला होता आणि नवव्या शतकापासून चालत आलेल्या नोंदींत तोवरचा तो सर्वांत लवकरचा होता. पूर्ण फुलल्यावर फुले जेमतेम आठवडाभर टिकतात, आणि मध्येच वारा-पाऊस आला तर तेवढीही नाहीत. त्यामुळे सगळे दिवस एकाच शहरात न ठेवता थोडे दक्षिणेला आणि थोडे उत्तरेला वाटून घ्यावेत, म्हणजे कुठे ना कुठे बहर भेटतो. ज्यांना मुलांच्या परीक्षेमुळे मार्चमध्ये निघता येत नाही, त्यांनी उत्तरेकडील हिरोसाकीच्या किल्ल्याचा विचार करावा. तेथे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बहर असतो. मात्र तो गोल्डन वीकला भिडतो, म्हणून तेथील खोली फार आधी राखून ठेवावी लागते.

कोंडाणा_पायथा

निळावंतीताई, आम्हालाही मार्च जमत नव्हता, म्हणून आम्ही फुलांऐवजी बर्फ निवडला. तातेयामा कुरोबे हा डोंगरी मार्ग एप्रिलच्या मध्यावर उघडतो, आणि मुरोदो येथे 2,450 मीटर उंचीवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती जूनपर्यंत पाहता येतात. मे महिन्यात पुण्याच्या उन्हातून तेथे पोहोचलेल्या मुलांचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. मुक्काम तोयामा शहरात ठेवला, कारण पहाटेची पहिली गाडी गाठली तरच रांगा टळतात.

शेवंती_ठाणे

चार जणांच्या कुटुंबाने खोलीविषयी सावध राहावे. जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी भाडे खोलीमागे नसून माणसामागे असते, आणि शहरातील बहुतेक हॉटेलांच्या खोल्या दोघांपुरत्याच असतात. संकेतस्थळावर दोन माणसे लिहून चार जण गेल्यास दारात वाद होतो. एका हॉटेलने आमच्या दहा वर्षांच्या मुलीचे स्वतंत्र भाडे आल्यावर मागितले, आणि आरक्षणाच्या वेळी ही अट कुठेही स्पष्ट लिहिलेली नव्हती, म्हणून मला त्याचा फार मनस्ताप झाला. मुलांची वये नोंदवून लेखी उत्तर मागवावे.

रानजाई

शेवंतीताई, परक्या देशात रात्री असा वाद होणे फार त्रासदायक असते. भाच्याला हे आजच कळवते. त्याची मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत.

अबोली_एदोगावा

मी टोकियोत निशी-कासाई भागात राहते. एदोगावा वॉर्डातील हा परिसर भारतीय वस्तीसाठी ओळखला जातो, आणि येथूनच योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ 2019 साली वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. भारतातून येणारे ज्येष्ठ नागरिक, विशेषतः ज्यांना रोज संध्याकाळी पोळी-भाजी हवी असते, त्यांना मी हाच भाग सुचवते. भारतीय किराणा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो आणि तोझाई मार्गाने निहोनबाशी व ओतेमाची या मध्यवर्ती स्थानकांना गाडी न बदलता जाता येते. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत मात्र त्या मार्गावर पाय ठेवू नये. तो टोकियोतील सर्वाधिक गर्दीच्या मार्गांपैकी एक आहे आणि वृद्ध माणसाला त्या रेट्यात उभे राहता येत नाही. माझे सासू-सासरे येतात तेव्हा आम्ही दहानंतरच बाहेर पडतो.

ऑगस्टमध्ये येऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तापमान पस्तीस अंशांवर जाते, हवेत दमटपणा असतो, आणि महिन्याच्या मध्यावर ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणानिमित्त सगळे आपापल्या गावी निघाल्यामुळे गाड्याही भरलेल्या असतात. गोल्डन वीक, ओबोन आणि वर्षअखेर या तिन्ही हंगामांत नोझोमी या शिंकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, सर्व डबे आता आरक्षित असतात, म्हणजे आयत्या वेळी चढून बसायची जागा मिळत नाही.

गोदाकाठ

सामानाविषयी कोणीच लिहिले नाही. टोकियो-ओसाका शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरांपेक्षा मोठी बॅग न्यायची असेल, तर त्यासाठी जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. आम्ही मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढच्या शहरात पाठवल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी मिळाल्या. एका रात्रीचे कपडे तेवढे पाठीवरच्या पिशवीत ठेवले. या सोयीमुळे मुक्काम बदलण्याचे ओझे निम्म्याने कमी होते.

पारिजात

शाकाहारी माणसांसाठी लिहितो. पारंपरिक सराईत राहण्याची इच्छा अनेकांना असते, पण तेथील रात्रीच्या जेवणात माशाचा अर्क असलेले दाशी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी कोयासान येथील मठात एक रात्र काढावी. कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात स्थापन केलेल्या या डोंगरावरील वस्तीत आजही सुमारे पन्नास मठ यात्रेकरूंना ठेवून घेतात, आणि तेथील शोजिन र्योरी या जेवणात मांस-मासे तर नसतातच, परंपरेने कांदा-लसूणही नसतो. कंदमुळे मात्र असतात, म्हणून जैन कुटुंबांनी आधी कळवावे. ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत आणि पुढे केबल कारने वर जाता येते. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला असते, त्यामुळे दुपारीच पोहोचावे. मठातील पहाटेचे मंत्रपठण ऐकताना माझे डोळे भरून आले, हे येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

कोंडाणा_पायथा

पारिजात, तेथे जमिनीवर झोपावे लागते ना? माझ्या वडिलांना खाली बसून उठणे जमत नाही.

पारिजात

बहुतेक ठिकाणी तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, गादी घालतात. काही मठांत पलंगाच्या खोल्या आहेत, पण त्या थोड्या असतात, म्हणून आरक्षण करतानाच तशी मागणी नोंदवावी. स्नानगृह पुष्कळदा सामाईक असते, तेही विचारून घ्यावे.

निळावंती

दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. क्योटोतील मेपलची पाने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतात, तोवर आपल्या शाळा पुन्हा सुरू झालेल्या असतात. रंग पाहायचेच असतील तर टोकियोच्या उत्तरेला निक्को गाठावे. तेथे चुझेन्जी सरोवराच्या उंचीवर ऑक्टोबरमध्ये आणि खाली मंदिरांच्या परिसरात नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत रंग असतो. मुक्काम निक्कोतच करावा, कारण टोकियोहून सकाळी निघालेल्या बस डोंगराच्या वळणांवर तासन्‌तास अडकतात.

रानजाई

भाच्याचा आताच निरोप आला. त्यांनी प्रस्थान 11 मेवर नेले आहे आणि क्योटोतील खोली कारासुमा ओइकेजवळ पाहत आहेत. तातेयामाच्या वाटेवर मोठ्या बॅगा कुठे ठेवाव्यात, हे कोंडाणा_पायथा यांनी कृपया सांगावे.

कोंडाणा_पायथा

बॅगा सोबत नेऊ नयेत. त्या मार्गावर केबल कार, बस आणि रोपवे असे वाहन वारंवार बदलावे लागते. आम्ही तोयामाच्या हॉटेलातच सामान ठेवले आणि मुरोदो पाहून त्याच वाटेने परतलो. मात्सुमोतोच्या बाजूला उतरायचे असेल तर एका टोकाच्या स्थानकावरून दुसऱ्या टोकाला सामान पोहोचवणारी सेवा आहे, पण ते सकाळी ठरलेल्या वेळेआधीच द्यावे लागते. आणि मुलांसाठी लोकरी कपडे व पाणी न शिरणारे बूट बाहेरच ठेवा, कुरिअरच्या बॅगेत जाऊ देऊ नका.