रात्री पाय गप्प बसत नाहीत आणि दिवसा अंगात त्राण नसतं, कोणाला होतं का असं?

निशाचर_डोंबिवली (रात्री २:५२)

नमस्कार मंडळी, वेळ बघून कळलंच असेल काय चाललंय ते. आत्ता ओट्याला टेकून उभी राहून टाइप करतेय कारण बसवत नाहीये. वय ४३, तीन-चार वर्षं झाली पण या पावसाळ्यापासून फारच वाढलंय.

होतं काय की साडेदहाला आडवी झाले की दहा मिनिटांत पोटऱ्यांच्या आत, म्हणजे वर कातडीला नाही, पार आत हाडाजवळ कुठेतरी काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, गोळा येत नाही, मुंग्या पण नाहीत. सोड्याची बाटली हलवून पायात ओतल्यासारखं म्हणू का? डॉक्टरांनी विचारलं दुखतं का, मी म्हटलं नाही, की ते पुढच्या प्रश्नावर गेले. पाय हलवला की त्या क्षणी बरं, थांबवला की परत सुरू, मग उठून हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल. अनवाणी गार फरशीवर उभं राहिलं की जरा बरं. नवरा म्हणतो झोप लागल्यावर पण लाथा मारतेस, तो आता बाहेर दिवाणावर झोपतो.

पहाटे साडेचार-पाचला पाय आपोआप शांत होतात आणि तेव्हा लागते ती खरी झोप, पण सहाला उठून दोन डबे करायचे असतात ना.

थकवा तर विचारूच नका. मी अकाउंट्सला आहे, एकच आकडा तीनदा तपासते तरी चुकतो. मागच्या आठवड्यात कुकरमध्ये पाणीच न घालता कुकर लावला, वास आल्यावर कळलं. आणि एवढी झोप राहूनसुद्धा रविवारी दुपारी पडले तर डोळा लागत नाही, हे काय गौडबंगाल आहे? संध्याकाळी दादरहून येताना विंडो सीट मिळाली तरी कुर्ला येईपर्यंत उठून दारापाशी उभी राहते, डब्यातल्या बायका बघतात की हिला वेड लागलंय का, विंडो सोडून कोण उठतं!

सासूबाई म्हणतात पाय हलवू नये, लक्ष्मी जाते. माझी आजी रात्री पोटऱ्यांना जुन्या लुगड्याचं फडकं करकचून बांधून झोपायची, सगळे म्हणायचे वात आहे, आता मला तिची फार आठवण येते.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.२, थायरॉइड, बी१२, शुगर सगळं नॉर्मल. कॅल्शियम दिलंय आणि "ताण घेऊ नका" सांगितलंय. हा खरंच आजार असतो की माझ्या मनाचे खेळ आहेत?

तळकोकण (सकाळी ७:१०)

ताई, काशाच्या वाटीने तळपाय घासून बघा. थोडं तूप लावायचं आणि तळपाय काळे पडेपर्यंत घासायचे, आमच्याकडे उष्णतेवर हेच करतात. रात्री चहा बंद आणि मोबाईल दूर ठेवा. आजकाल सगळ्यांनाच झोप नाही, विचार फार करतो आपण.

दवाखाना_तालुक्याचा (सकाळी ९:३५)

मी एमडी मेडिसिन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, आणि इथे बसून निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते अगदी पुस्तकातलं वर्णन आहे. पाय हलवावेसेच वाटणं, स्वस्थ असताना वाढणं, हलवल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटणं, आणि संध्याकाळी-रात्री जास्त असणं. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. १६७२ साली इंग्लंडच्या थॉमस विलिसने याचं वर्णन केलंय आणि १९४५ ला एकबॉम या स्वीडिश डॉक्टरने हे नाव दिलं, म्हणजे मनाचे खेळ वगैरे डोक्यातून काढून टाका. बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, आजीचं फडकं तेच सांगतंय. झोपेतल्या लाथा पण बहुतेकांना असतातच. आणि दुपारी डोळा न लागणं हेही पेशंट नेहमी सांगतात, शरीर दमलेलं असतं पण आतलं यंत्र बंद होत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या यादीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, नाही. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं धान्य, फेरिटिन म्हणजे कणगीतलं. डबा भरलेला दिसतो आणि कणगी तळाला गेलेली असते. या आजारात मेंदूला लोह कमी पडतं आणि त्यातून डोपामिनचं (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) काम बिघडतं असं मानलं जातं. गोची अशी की बायकांसाठी बऱ्याच लॅबचा खालचा आकडा १०-१५ च्या आसपास असतो, म्हणजे १८ आलं तरी रिपोर्टवर लाल खूण नाही. पण या आजारात ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते दाखवणारी तपासणी) करून घ्या, ताप-इन्फेक्शन असताना करू नका कारण तेव्हा फेरिटिन खोटं वर दिसतं.

आणि आकडा बघून स्वतःच मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणू नका प्लीज. थॅलेसेमिया मायनरवाले (जन्मजात रक्तदोष, हिमोग्लोबिन कमी दिसतं पण लोह कमी असतंच असं नाही) कित्येक लोक वर्षानुवर्षं उगाच लोह खात बसतात. पाळी जास्त जाते का तेही डॉक्टरांना सांगा, कणगीला भोक कुठे आहे ते बघायला हवं.

एक विचारतो, सर्दीची गोळी घेतल्यावर जास्त होतं का?

निशाचर_डोंबिवली (सकाळी ९:५८)

अहो हो!! ती झोप आणणारी पिवळी गोळी, मला वाटायचं तिने तरी झोप येईल, पण ती रात्र सगळ्यात वाईट. लिहायचं राहून गेलं. पाळी तर दोन वर्षं फारच जातेय, ते वयामुळे म्हणून सोडून दिलं होतं.

दवाखाना_तालुक्याचा (सकाळी १०:२०)

मग ते सोडून देऊ नका. सर्दी-खाजेच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, डिप्रेशनची काही औषधं, या सगळ्यांनी हे वाढू शकतं. डिप्रेशनची चालू असतील तर मात्र मनाने बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्यालाच विचारायचं.

सांगलीकर_जुना (दुपारी ४:४०)

ताई, मी ५८, बारा वर्षं हा त्रास. घरचे लग्नाला नाटकाला न्यायचे बंद झालेत कारण मी पहिल्या अंकातच मागं जाऊन उभा राहतो, पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स तर कधीच सोडली.

डॉक्टरसाहेबांनी लोहाचं सांगितलं ते बरोबरच. मी पुढचं सांगतो कारण माझी चूक दुसऱ्यानं करू नये. मला एकदम प्रॅमिपेक्सोल (डोपामिनसारखं काम करणारी गोळी) दिली, फेरिटिन कुणी बघितलंच नाही. बायकोनं गोळीचा कागद वाचला, त्यात पार्किन्सन्स लिहिलेलं, ती रडायला लागली, मग कळलं दोन्हीला चालते. पहिली रात्र काय सांगू, सात तास! वाटलं देव भेटला. दोन-अडीच वर्षं मजेत गेली आणि मग जे रात्री दहाला यायचं ते संध्याकाळी सहाला यायला लागलं, मग चारला, मग हातात पण. दर वेळी डोस वाढवला आणि दर वेळी थोडे दिवस बरं वाटून आणखी बिघडलं. याला ऑगमेंटेशन म्हणतात, औषधच आजार वाढवतं, आणि हल्ली म्हणूनच ती गोळी आधी द्यायची नाही असं धोरण झालंय.

दुसरं म्हणजे, हे लिहू का नको विचार करत होतो, मी आयुष्यात पत्त्याला हात न लावणारा माणूस, त्या काळात रात्री जागा असलो की मोबाईलवर रमी. ८३ हजार घालवले. घरी वाटलं माणूस बिघडला. नवीन मेंदूविकारतज्ज्ञानं पहिल्या भेटीत विचारलं, जुगार, खरेदी, खाणं काही वाढलंय का, मी बघतच राहिलो. त्या गोळ्यांनी होतं म्हणे ते. ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी घरच्यांना हे सांगून ठेवावं.

मग पाच महिने लावून हळूहळू सोडवली (एकदम नाही हं, कुणी एकदम सोडू नका), ते दिवस आठवले तरी नको वाटतं, रात्रभर गच्चीवर फेऱ्या. आता प्रेगाबालिनवर (नसांच्या दुखण्यावर देतात ती वेगळ्या प्रकारची गोळी) आहे. सकाळी डोकं जड राहतं, वजन सहा किलो वाढलं, सुरुवातीला दोन आठवडे स्कूटर चालवली नाही. पण पाच तास झोपतो. पाच तासात माणूस माणसासारखा राहतो.

तळकोकणवाल्यांनो, काशाची वाटी मी पण केली. घासत असेपर्यंत बरं वाटतं. प्रश्न नंतरचा आहे.

तळकोकण (संध्याकाळी ६:१५)

हाहा, बरोबर आहे काका. माझ्या आईला आराम पडतो म्हणून लिहिलं. हा असला आजार असतो हे माहीतच नव्हतं.

नागपूरची_लेक (रात्री ११:२५)

बाबा डायलिसिसवर आहेत, त्यांना हेच. चार तास खुर्चीत एका जागी बसायचं आणि पाय म्हणतात उठ. किडनीच्या पेशंटना हे बरंच होतं असं तिथल्या सिस्टरनीच सांगितलं, आम्ही दोन वर्षं समजत होतो की बाबा चिडचिड करतात. मी बाजूला बसून पोटऱ्या दाबत राहते आणि शब्दकोडं वाचून दाखवते, डोकं गुंतलं की थोडं कमी होतं खरंच. ताई, तुम्हाला पण रात्री फेऱ्या मारताना डोक्याला काम देऊन बघा, टीव्ही नाही, ज्यात उत्तर द्यावं लागतं असं काहीतरी.

निशाचर_डोंबिवली (पाच आठवड्यांनी, रात्री १:४०)

कळवायचं राहिलं होतं. फेरिटिन ११ आलं. रिपोर्टवर अजिबात लाल नाही, लॅबचं नॉर्मल १० पासून! सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघाला, त्याचं वेगळं चालूय. लोह दिवसाआड, उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर दोन तासांनी, हे सगळ्यात कठीण आहे. कॅल्शियमची गोळी मी इतके दिवस कशाहीबरोबर घेत होते, ती आता रात्री, कारण एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही म्हणे. तीन महिन्यांनी परत तपासायचं, नाही वाढलं तर सलाईनमधून देऊ म्हणाले.

फरक? आठवड्यातून दोन रात्री बऱ्या जातात. बाकीच्या आहेतच. ऑफिसात साहेबांना नाव लिहून दाखवलं, त्यांनी गुगल केलं आणि म्हणाले सकाळी अर्धा तास उशिरा आलीस तरी चालेल. त्या अर्ध्या तासाची झोप मी सोन्यासारखी जपते. शब्दकोडी पण सुरू केलीत, पाच अक्षरी शब्द अडला की चक्क विसरायला होतं पायांचं.

सासूबाईंना आजीच्या फडक्याचं सांगितलं तर म्हणाल्या, अगं माझी थोरली बहीण पण बांधायची.

काल नवरा दिवाणावरून उशी घेऊन आत आला होता. दोन वाजता परत गेला.