कोड यादीत दिसतो पण शोधल्यावर सापडत नाही, ‘गुऱ्हाळ’ शोधले तर निम्मीच नावे येतात : पोस्टग्रेसची चूक कोठे कळवावी?

प्रश्न : पट्टीवाला (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. आमचे चार जणांचे छोटे कार्यालय असून शाहू मार्केट यार्डातील काही गूळ अडत्यांची हिशेबप्रणाली आम्ही चालवतो. शेतकऱ्याने आणलेले रवे, सौद्यात निघालेला दर, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी हे सारे पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्ती १३ मध्ये साठवले जाते. जुना सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर होता. त्या प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपल्यानंतरही आम्ही बरेच दिवस चालढकल केली आणि अखेर या हंगामाच्या तोंडावर डेबियन १२ असलेल्या नव्या यंत्रावर आलो. सौदे थांबवता येणार नव्हते, म्हणून स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (चालू डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी नक्कल) नव्या यंत्रावर प्रत तयार केली आणि एका रविवारी तिलाच मुख्य केले. पोस्टग्रेसची आवृत्ती दोन्हीकडे तीच होती आणि कोठेही त्रुटीचा संदेश आला नाही.

त्यानंतर दोन तक्रारी आल्या. पहिली अशी की ‘१२-४’ यासारखा कोड (दुकान क्रमांक, आडवी रेघ, शेतकरी क्रमांक, अंक इंग्रजी) टाकला की काही वेळा ‘नोंद नाही’ असे उत्तर येते, परंतु पूर्ण यादी काढली की तोच शेतकरी त्यात दिसतो. एका दुकानातील दिवाणजींनी नोंद नाही असे समजून शेतकरी पुन्हा नोंदवला आणि युनिक बंधन (एक कोड एकदाच) असूनही ती नोंद स्वीकारली गेली. दुसरी तक्रार अशी की पत्त्यात ‘गुऱ्हाळ’ शब्द शोधला तर निम्मीच नावे येतात.

माझ्या सहकाऱ्याचे मत असे की परदेशात बसून हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मराठीची फिकीर नाही, तेव्हा बग नोंदवावा. तो कोठे व कसा नोंदवावा, आणि आमच्यासारख्या लहान कार्यालयाच्या पत्राची तेथे दखल घेतली जाते का?

उत्तर : उद्यमनगर

रीइंडेक्स डेटाबेस ही सर्व इंडेक्स नव्याने बांधणारी आज्ञा चालवा, काम होईल. आमच्याकडे झाले होते.

उत्तर : जुना लोकेल

रीइंडेक्स शेवटी करायचेच आहे, पण ते पहिले पाऊल नव्हे. आपल्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. पहिलीचा मराठीशी संबंध नाही आणि दुसरीचा सर्व्हर बदलण्याशी नाही.

मजकुरावरचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावून ठेवलेली यादी. हा क्रम आपल्या डेटाबेसमध्ये पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, तर लिनक्समधील जीलिबसी या लायब्ररीला विचारतो. या लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, शब्दक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे आणि डेबियन १२ मध्ये २.३६. रेप्लिकेशनने डेटाची पाने जशीच्या तशी उचलून आणली, म्हणजे यादी जुन्या क्रमाने लागलेली राहिली आणि तीत शोध मात्र नव्या क्रमाने सुरू झाला. जुन्या दिवाणजींनी आपल्या पद्धतीने लावलेली खतावणी नव्या दिवाणजींनी आपल्या पद्धतीने उलगडावी, आणि अपेक्षित पानावर खाते दिसले नाही म्हणून खातेच नाही असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. पोस्टग्रेसची आवृत्ती दोन्हीकडे एकच होती, याचा म्हणूनच उपयोग झाला नाही.

आपल्या कोडमधील आडवी रेघ येथे नेमकी नडली आहे. ‘१-१’ आणि ‘११’ अशा दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहून, अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ हे लोकेल (भाषा व क्रमवारीचे नियम ठरवणारी मांडणी) ठेवून, दोन्ही यंत्रांवर सॉर्ट या आज्ञेला द्या. जुन्या यंत्रावर ‘११’ आधी येईल आणि नव्यावर ‘१-१’ आधी येईल. आपला डेटाबेसही याच लोकेलमध्ये तयार झाला असेल, तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता उपाय. सर्वप्रथम नव्या नोंदी थांबवा, कारण दर तासाला दुहेरी नोंदी वाढत असण्याची शक्यता आहे. त्यानंतर डेटा फोल्डरची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवा. मग ॲमचेक हे इंडेक्स तपासणारे एक्स्टेन्शन बसवून मजकुराच्या स्तंभांवरील प्रत्येक बी-ट्री (क्रमाने लावलेल्या) इंडेक्सवर बीटी_इंडेक्स_चेक चालवा, म्हणजे कोणते इंडेक्स बिघडले आहेत ते कळेल. दुहेरी कोड शोधताना त्या सत्रापुरते इनेबल_इंडेक्सस्कॅन, इनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि इनेबल_बिटमॅपस्कॅन या इंडेक्स वापरू देणाऱ्या तिन्ही सेटिंग्ज बंद कराव्यात, नाहीतर ज्या इंडेक्सवर संशय आहे त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखे होईल. दुहेरी नोंदी शिल्लक असताना युनिक इंडेक्सचे रीइंडेक्स त्रुटी देऊन थांबेल, म्हणून वरील उत्तर अपुरे आहे. त्यांच्याकडे दुहेरी नोंदी झाल्या नसाव्यात, एवढेच.

कोणती नोंद खरी हे मात्र कोणतीही आज्ञा सांगणार नाही. तेथे पट्ट्यांच्या स्थळप्रतीच काढाव्या लागतील.

पोस्टग्रेसने इशारा का दिला नाही, असे आपण विचाराल. डेटाबेसच्या मूळ क्रमवारीची आवृत्ती नोंदवून ठेवण्याची आणि ती जुळली नाही तर जोडणीच्या वेळीच सावध करण्याची सोय आवृत्ती १५ पासून, म्हणजे २०२२ मध्ये आली. १३ ची पाच वर्षांची मुदतही नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलेली आहे, त्यामुळे दुरुस्तीनंतर पीजी_डंपने डेटा बाहेर काढून नव्या आवृत्तीत भरणे श्रेयस्कर. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. जुन्याच फाइली नव्या आवृत्तीकडे नेणाऱ्या पीजी_अपग्रेडने ते होत नाही. शिवाय कोडच्या स्तंभाला ‘सी’ क्रमवारी द्या, कारण कोड हा भाषेतला शब्द नाही आणि बाइटच्या क्रमाने लागला तरी त्याचे काही बिघडत नाही.

पट्टीवाला

सॉर्टची चाचणी केली आणि दोन्ही यंत्रांवर आपण म्हणता तसाच उलटा क्रम आला. नोंदी थांबवल्या आहेत. आमचा एक तरुण सहकारी अद्याप ‘गुऱ्हाळ’वर अडून बसला आहे.

उत्तर : हलन्त

त्यांचे अडून बसणे रास्त आहे, पण रोख चुकीच्या दिशेला आहे.

‘गुऱ्हाळ’मधला आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) तीन प्रकारे उमटू शकतो. पहिल्या प्रकारात ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’, त्यावर हलन्त आणि मग ‘ह’ येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि ‘ह’ येतो; जुन्या फाँटमधून रूपांतरित झालेल्या मजकुरात हा प्रकार फार आढळतो. तिसऱ्यात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, हलन्त आणि ‘ह’. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. आपल्या टेबलात लेंग्थ फंक्शन लावून पाहा : पहिल्या प्रकारच्या ‘गुऱ्हाळ’ची लांबी ७ येईल, उरलेल्या दोन्हींची ८.

आवृत्ती १३ पासून उपलब्ध असलेले नॉर्मलाइझ फंक्शन तिसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करते, परंतु दुसऱ्याला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमानुसार ते दोन समतुल्य नाहीत. येथे अनेक जण जॉइनर सरसकट काढून टाकतात आणि फसतात. जॉइनर गेला की उरतो तो रफार, आणि मराठीत रफार व हा आडवा ‘र’ यांत अर्थाचा भेद आहे. आचार्यांना द्यायचा मान आणि आचाऱ्यांना द्यायची मजुरी एकाच खात्यात जमा होईल. आयसीयूची (रुग्णालयातील नव्हे, युनिकोडची लायब्ररी) क्रमवारी वापरूनही हे सुटत नाही, कारण तीही तुलनेत जॉइनरकडे दुर्लक्ष करते. तिचा फायदा वेगळा आहे : तिच्या मराठी क्रमवारीत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर नुसत्या बाइटच्या क्रमात तो ‘ल’च्या लगेच पुढे बसतो. याद्या छापताना ती अवश्य वापरा.

शोधासाठी एक जनरेटेड (मूळ स्तंभावरून आपोआप भरणारा) स्तंभ ठेवावा. त्यात प्रथम रिप्लेस फंक्शनने ‘र, हलन्त, जॉइनर’ या तीन चिन्हांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे आणि मग नॉर्मलाइझ करावे. वापरकर्त्याने टाकलेल्या शब्दावरही शोधापूर्वी हीच प्रक्रिया करायला विसरू नये. मूळ स्तंभ जसा आहे तसाच राहू द्यावा.

उत्तर : पॅच क्रमांक दोन

आता बग कळवण्याविषयी. वरील दोन उत्तरांनंतर कळवण्यासारखे फारसे उरत नाही. जीलिबसीची अडचण प्रकल्पाच्या विकीवर स्वतंत्र पानावर नोंदलेली आहे आणि दुसरी बाब युनिकोडच्या नियमांची आहे. तरीही आपला प्रश्न पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पोस्टग्रेसचे मूळ बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. सध्याचे नाव १९९६ चे. त्याची मालकी कोणत्याही एका कंपनीकडे नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून जाब विचारावा असा पत्ताही नाही. बग पीजीएसक्यूएल-बग्ज या टपालयादीवर जातो. गिटहब या संकेतस्थळावर दिसते ती कोडची केवळ प्रत असून तेथे पाठवलेल्या पुल रिक्वेस्ट (बदल सुचवणाऱ्या विनंत्या) स्वीकारल्या जात नाहीत, हे मला माझी पहिली दुरुस्ती तेथे धूळ खात पडल्यावर कळले. पत्र साध्या मजकुरात असावे, पोस्टग्रेस व ऑपरेटिंग सिस्टिम या दोन्हींच्या आवृत्त्या लिहाव्यात, आणि रिकाम्या डेटाबेसवर चालवून पाहता येईल अशी पाच-दहा ओळींची स्क्रिप्ट जोडावी. प्रत्युत्तर देताना आधीच्या पत्रातला आवश्यक तेवढाच भाग ठेवून त्याखाली लिहावे. अशा पत्राखाली कार्यालयाचा आकार कोणी पाहत नाही. उलट ‘आमची प्रणाली चालत नाही, तातडीने मदत करा’ एवढेच लिहिणारा मोठ्या बँकेतला असला तरी त्याला प्रतिप्रश्नच येतात.

मराठीची फिकीर नाही हा आरोप मला मान्य नाही. मराठी मजकुराची उदाहरणे त्यांच्यासमोर ठेवणारे कमी आहेत, हे मात्र खरे. मी दस्तऐवजातील एका परिच्छेदाची दुरुस्ती पॅच (सुचवलेल्या बदलाची फाइल) म्हणून पाठवली, तेव्हा दोन अनोळखी जणांनी ती ओळीओळीने वाचली आणि माझे वाक्य तीन वेळा बदलायला लावले. पॅचची छाननी कमिटफेस्टमध्ये होते. तो जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असा वर्षातून पाच वेळा भरतो. पॅच पाठवणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते, आणि खरे शिक्षण त्यातच होते. आपल्या तरुण सहकाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी. इंग्रजी बेताचे असले तरी चालते, चाचणी मात्र स्वतः चालवून पाहिलेली हवी.

पट्टीवाला

सर्वांचा आभारी आहे. ॲमचेकने चार इंडेक्स बिघडल्याचे दाखवले आणि एकूण सात कोड दुहेरी निघाले. त्यांपैकी पाचांत नव्या नोंदीवर एकही पट्टी नव्हती, त्यामुळे त्या नोंदी काढून टाकल्या. उरलेल्या दोन कोडांवर दोन्ही नोंदींना पट्ट्या निघालेल्या आहेत. स्थळप्रती तपासल्या तेव्हा एका कोडाच्या दोन्ही नोंदी एकाच शेतकऱ्याच्या निघाल्या, म्हणून त्या एकत्र केल्या. दुसऱ्या कोडावर मात्र दोन वेगळे शेतकरी आहेत. नंतर आलेल्याला नवा क्रमांक देऊन त्याची पट्टी अडत्यांकडून बदलून घेणार आहोत. त्यानंतरचे रीइंडेक्स विनात्रुटी पूर्ण झाले.

बग नोंदवत नाही. ‘गुऱ्हाळ’साठीचा स्तंभ चाचणीच्या यंत्रावर केला आहे, आणि सहकारी सध्या ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाटे’ अशी नावे तिन्ही प्रकारांनी टंकून ती सापडतात का ते पाहत आहे. त्याला एक चौथा प्रकार मिळाला : ‘ऱ’, हलन्त आणि त्यापुढे पुन्हा जॉइनर. त्यासाठी रिप्लेस आणखी एकदा लावावे लागले.