सिंड्रेलाला लोखंडी पाय बसवला म्हणून गोष्ट नवी झाली का?

निळी_शाई
भाचीने पिच्छा पुरवला म्हणून मरिसा मेयरची लूनर क्रॉनिकल्स ही मालिका वाचली, सिंडर (२०१२) पासून विंटर (२०१५) पर्यंत. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सिंड्रेला, लाल टोपीवाली, रॅपुन्झेल आणि हिमगौरी या चौघींना भविष्यकाळात नेऊन एकाच लढाईत गुंतवलंय. सिंड्रेला म्हणजे सिंडर, न्यू बीजिंगच्या बाजारात अँड्रॉइड म्हणजे यंत्रमानव वगैरे दुरुस्त करणारी सायबोर्ग मेकॅनिक, म्हणजे थोडी माणूस, थोडी यंत्र. पृथ्वीवर महामारी, चंद्रावर दुष्ट राणी. खाली स्पॉयलर आहेत, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

वाचायला मजा येते, नाही कशाला म्हणू. पण सायन्स फिक्शन म्हटल्यावर माझी अपेक्षा अशी की जुन्या गोष्टीला ती जरा अडचणीचे प्रश्न विचारेल. इथे काय, तर तेलाने हात बरबटलेली, जिची कमाई सावत्र आईच्या खिशात जाते अशी पोर, आणि शेवटी निघते कोण तर चंद्राची हरवलेली राजकन्या! अरे मग फ्रेंच लेखक पेरोची १६९७ची सिंड्रेला काय वाईट होती, ती निदान चांगल्या घरातली साधी मुलगी होती, राजघराण्याचं रक्त बिक्त काही नव्हतं. तीनशे वर्षांनी आपण पुढे आलो की मागे गेलो?

टवाळ_कार्टं
मागे. पण वेगाने, स्पेसशिपमधून 😄

गच्चीवरची_मनी
निळी शाई, तुम्ही शेवटचा भाग वाचला म्हणता मग शेवट सोयीस्करपणे गाळला का हो? सिंडर राणी होते आणि चंद्रावरची राजेशाहीच बंद करायला निघते, तिला तिथे प्रजासत्ताक हवंय. पेरोच्या कुठल्या बाईने असं केलं? राजकन्या निघणं हा चकवा आहे, लेखिका तुम्हाला आधी नेहमीची मिठाई दाखवते आणि मग डबाच काढून घेते.

आणि सावत्र आईचा छळ बघा ना. चुलीपाशी राखेत झोपवणं आज कुणाला भिडणार? इथे महामारीवरच्या औषधाच्या प्रयोगांसाठी सायबोर्ग लोकांची सक्तीने भरती चाललीय आणि ही बाई सावत्र मुलीला स्वतःहून त्यात देऊन टाकते, कारण कायद्याच्या दृष्टीने सायबोर्गला फारशी किंमतच नाही. मला तर वाचताना काटा आला. हा अडचणीचा प्रश्न नाही तर काय आहे?

जुना_वाचनालयवाला
माझा आक्षेप वेगळा आहे. परीकथेत जादूचं कारण कुणी देत नाही आणि देऊही नये. भोपळ्याची गाडी का झाली, झाली बाबा! ऐकणारं पोर सुद्धा विचारत नाही. इथे चंद्रावरचे लोक दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवतात तर त्याला जैवविद्युत म्हणे. बरं हे विज्ञान म्हणून तरी पटतं का, तेही नाही. नारळीकरांच्या कथा वाचून मोठे झालेले आम्ही, तिथे कल्पना खरोखर विज्ञानातून उगवायची. इथे जादूला फक्त लेबल चिकटवलंय, म्हणजे जादूही गेली आणि विज्ञानही आलं नाही.

गच्चीवरची_मनी
काका, सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे ते, नारळीकर कशाला मध्ये आणता. आणि लेबल एका ठिकाणी असेल, बाकीचं काय? पहिल्याच पानावर सिंडर बाजारात बसून घोट्यातला गंजलेला स्क्रू काढायची धडपड करतेय, कारण लहानपणी बसवलेला पाय आता तिला छोटा पडतो. छोटा पडतो!! आता ग्रिम बंधूंची सिंड्रेला आठवा, तिथे आई सुरी हातात देते आणि एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, का तर बुटात पाय मावावा म्हणून, आणि कबुतरं ओरडून सांगतात की बुटात रक्त आहे. पाय कापून बुटात बसवायचा ही मूळ गोष्टीतलीच भीषण कल्पना आहे आणि मेयरने ती उलटी केलीय, हिचा पाय आधीच कापलेला आहे आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर बूट नाही तर पायच निसटतो. याला चिकटवणं म्हणत नाहीत.

जुना_वाचनालयवाला
पायाचं छान आहे, ते मान्य. जैवविद्युत मान्य नाही.

सातासमुद्रापार_रमा
क्रेसबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मला चारात ती सगळ्यात आवडली. रॅपुन्झेल मनोऱ्याऐवजी उपग्रहात कोंडलेली, हॅकर आहे, केस कापायला कात्री नाही म्हणून लांबच लांब वाढलेत. तिला सोडवायला येणारा थॉर्न, उपग्रह सहारात कोसळतो तेव्हा त्याची दृष्टी जाते आणि दोघं वाळवंट तुडवत जातात. ग्रिमच्या गोष्टीत राजपुत्र मनोऱ्यावरून काट्यांत पडून आंधळा होतो आणि तिला ओसाड जागी टाकून दिलेलं असतं, हे आपल्याकडच्या छोट्या रंगीत पुस्तकांत बहुतेक गाळलेलंच असतं, ते या बाईने बरोब्बर उचललंय. आणि मूळ गोष्ट मूळ गोष्ट काय करताय, १८१२च्या आवृत्तीत रॅपुन्झेल भोळेपणाने चेटकिणीला विचारते की माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे पोटुशी आहे ती! पुढच्या आवृत्त्यांत ग्रिमनीच ते खोडलं. लाल टोपीवालीला तर पेरो लांडग्याच्या पोटातच ठेवून मोकळा झाला, शिकारी येऊन पोट फाडतो ते नंतर ग्रिमकडे. प्रत्येकाने आपापल्या काळाला झेपेल तसं बदललंय.

भाकरतुकडा
ते सगळं ठीक पण न्यू बीजिंग का? चीन, जपान, भारत सगळा आशिया एका ईस्टर्न कॉमनवेल्थमध्ये कोंबलाय आणि शहर वाचताना कुठलंच वाटत नाही, म्हणजे नूडल्स आणि कंदील दिसले की झालं आशिया. उद्या कुणी न्यू पुणे लिहून त्यात इडली आणि भांगडा घातला तर चालेल का तुम्हाला?

टवाळ_कार्टं
न्यू पुण्यात दुपारी एक ते चार महामारी पण बंद

सातासमुद्रापार_रमा
भाकरतुकडा, शहर पातळ आहे हे बरोबर. पण सिंड्रेला चीनमध्ये उपरी नाही बरं का. ये शिएनची गोष्ट नवव्या शतकात तुआन छंगशने लिहून ठेवलीय, पेरोच्या आठशे वर्षं आधी. सावत्र आई मुलीचा लाडका मासा मारून खाते, त्याच्या हाडांकडे ती मागणं मागते, उत्सवातून पळताना सोन्याचा बूट राहतो. सगळं आहे त्यात.

भाकरतुकडा
मग मासा घ्यायचा होता की! तिथलीच गोष्ट हाताशी असताना पुस्तकात येते ती भोपळ्यासारखी नारिंगी मोटार. हेच तर म्हणतोय, जागा आशियातली आणि सांगाडा पेरोचा.

निळी_शाई
मनी, शेवट मी गाळला नाही, मला तो पुरत नाही. गादी सोडायला आधी गादी मिळावी लागते. राजेशाही नको हे ठरवणारी पण राणीच, बाकी प्रजेने काय करायचं, टाळ्या? बंड पेटतं तेही राजकन्या जिवंत आहे म्हटल्यावर. खाणीत मरणाऱ्या माणसांना कारण कमी होतं का?

गच्चीवरची_मनी
मग तुमची सिंड्रेला आयको आहे, सिंडर नाहीच. विचार करा, सिंडरची ही मैत्रीण अँड्रॉइड आहे, आधी बुटकं गोलमटोल शरीर, पर्सनॅलिटी चिपमध्ये म्हणे दोष. हिला फ्रॉक हवेत, दागिने हवेत, नटायचंय, राजपुत्राचं नाव काढलं की लाजते. तिचं रक्त कुणाचंच नाही कारण तिला रक्तच नाही. आणि तिला शेवटी हवं तसं शरीर मिळतं.

निळी_शाई
बरोबर, आणि चार पुस्तकांत एकाला तरी तिचं नाव आहे का? मैत्रिणीचंच काम ना, विनोद करायचे आणि गोळी खायची.

सातासमुद्रापार_रमा
आहे की, वायर्स अँड नर्व्ह, २०१७. ग्राफिक नॉव्हेल आहे, नायिका आयकोच.

निळी_शाई
ती कुठल्या परीकथेवर बेतलीय?

सातासमुद्रापार_रमा
कुठल्याच नाही.

निळी_शाई
बघा म्हणजे. रक्त नसलेलीला नायिका करायचं तर परीकथाच सोडावी लागली ना. भाचीला विचारते तिच्याकडे आहे का ते.