अनुभव धागा : नवा पीसी जोडला, जुन्या विंडोजचं लायसन्स सोबत आलं का?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नवा डेस्कटॉप जोडायला घेतला. सातव्या पिढीचे आणि त्याआधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत, म्हणजे मदरबोर्डच बदलावा लागतो. मग लायसन्सचं काय? त्याचे पैसे मोजलेले असतात, आणि दुकानात विचारलं की "नवीन घ्या" एवढंच ऐकू येतं. म्हणून हा धागा. तुमचं लायसन्स कुठल्या प्रकारचं होतं, काय केलंत, चाललं का, ते जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. विंडोज 10 होम, रिटेल खोका (म्हणजे पीसीबरोबर न येता सुटं विकत घेतलेलं), बिलासकट. जुना पीसी चालू असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर /डीएलआय' टाइप केलं (अक्षरं अर्थात इंग्रजी). छोटी खिडकी उघडते. तिच्यात 'रिटेल चॅनल' दिसलं की निम्मं काम झालं, कारण रिटेल लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं, पण ते मशीन बदलता येतं. मग त्याच कमांडला '/यूपीके' लावून जुन्यावरची 'की' (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) काढली, नव्यावर विंडोज 11 होम टाकलं आणि तीच 25 अक्षरी की दिली. लगेच अ‍ॅक्टिव्हेट झालं.

रंकाळा :
कोल्हापुरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक ओईएम लायसन्स घेऊन येतं, म्हणजे कंपनीच्या तयार पीसीबरोबर आलेलं. ते त्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं. विंडोज 7 पर्यंत कॅबिनेटवर स्टिकर असायचा. विंडोज 8 पासून की बोर्डावरच्या बायोस चिपमध्येच येते, म्हणून फॉरमॅट मारला तरी विंडोज ती पुन्हा विचारत नाही.

मागे एक निवृत्त सर जुनं कॅबिनेट उचलून घेऊन आले. स्टिकर घासलेला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आम्ही दोघांनी एकेक अक्षर वाचलं; एका जागी 'बी' की '8' हेच कळेना. शेवटी की पूर्ण लागली, पण नव्या बोर्डावर ती वापरता येणार नव्हती. सरांना ते सांगताना जिवावर आलं. बोर्ड बिघडला म्हणून कंपनीने बदलून दिला तर लायसन्स टिकतं, पण स्वतः नवा पीसी जोडला तर नाही. तरी ते वाया गेलं असं समजू नका. जुना पीसी विकाल तेव्हा लायसन्स त्याच्याबरोबर रीतसर जातं, तेवढा भाव मागून घ्या.

सिंहगडरोड :
माझ्याकडे की अशी नव्हतीच, डिजिटल लायसन्स होतं. अशांनी बोर्ड काढायच्या आधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. विंडोज 10 च्या 2016 मधल्या 1607 आवृत्तीपासून ही सोय आहे. नव्या पीसीवर त्याच अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट असं जायचं आणि 'हार्डवेअर बदललंय' हा पर्याय घ्यायचा. अर्थात मूळ लायसन्स रिटेल असेल तरच नव्या मशीनवर हे चालतं.

तिथे तुमच्या मशीनची यादी येते, आणि सगळ्यांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं. मी जुन्या पीसीला आधीच 'हॉलमधला पीसी' अर्थाचं नाव देऊन ठेवलं होतं, त्यामुळे नेमकं तेच निवडता आलं. फुकटचं काम आहे, आजच करून ठेवा.

वऱ्हाडी :
होम आणि प्रो या विंडोजच्या दोन प्रकारांचंही बघा. लायसन्स प्रोचं आणि टाकलं होम, तर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

गडकरीचौक :
काकांच्या नव्या पीसीवर दुकानदाराने "ओरिजिनल विंडोज" टाकून दिलं. अ‍ॅक्टिव्हेटेडही दिसत होतं. मी वरच्याच 'एसएलएमजीआर' कमांडला '/एक्सपीआर' लावून पाहिलं तर पुढची तारीख आली! विकत घेतलेलं लायसन्स मुदत दाखवत नाही, 'कायमचं' असंच म्हणतं. हे केएमएस निघालं, म्हणजे मोठ्या कार्यालयांसाठीचं, 180 दिवसांचं. बिलावर विंडोजची ओळच नव्हती. पैसे देण्याआधी दुकानातच ही कमांड चालवून बघा, भीड बाळगू नका.

म्युनिककर :
इथे जर्मनीत चित्र वेगळं आहे. 2000 साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या एका दाव्यात निकाल दिला की एकदा बाजारात आलेली ओईएम प्रत पीसीशिवाय विकायला कंपनी अडवू शकत नाही. 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरलाही तेच लावलं. अट एवढीच की विकणाऱ्याने आपली प्रत वापरातून काढावी. त्यामुळे इथे जुनी लायसन्सं उघडपणे विकली जातात. ग्राहकाच्या बाजूने इतका स्पष्ट विचार भारतातही व्हावा असं मला मनापासून वाटतं. तिथल्या मित्रांनी मात्र इथल्या निकालावर विसंबून काही घेऊ नये.

आणखी एक. जुनी एसएसडी तशीच नव्या बोर्डावर लावणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) थांबवा. नाहीतर निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते, कारण कुलूप जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी जोडलेलं असतं.

मांडवी :
रंकाळा, आमचा जुना ओईएम पीसी गावच्या शाळेला द्यायचाय. विंडोज 10 तसंच ठेवू का?

रंकाळा :
मांडवी, नको. सुरक्षा अपडेट आता नेहमीसारखे येत नाहीत आणि मुलं नेटवर बसणार. डिस्क पूर्ण पुसून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका, लायसन्सचा प्रश्नच येत नाही. विंडोजची की बोर्डात राहतेच, पण पीसी विंडोज 7 च्या काळातला असेल तर स्टिकरचा फोटो छापून शाळेच्या फायलीत लावून द्या.