मदत हवी आहे: फिश टँकच्या संपसाठी पाइप कोणता घेऊ? १ इंच आणि ३२ मिमी एकच असतं ना?

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत पाहिजे, रविवारी काचवाल्याला भोकांची मापं द्यायचीत आणि माझं डोकं पार भंजाळलंय.

घरी नवीन टाकी करून घेतोय, ४ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर २५५ लिटर. दोन ऑस्कर मासे आहेत, सध्या अडीच फुटीत कोंबलेत आणि मागे लटकवलेल्या फिल्टरने त्यांच्या घाणीपुढे कधीच हात टेकलेत, म्हणून यावेळी खाली स्टँडमध्ये संप करायचं ठरवलं (एसटीचा नाही, फिल्टरची खालची टाकी). संप अडीच बाय एक बाय एक. वरचं पाणी पाइपने आपोआप खाली येणार, तिथून पंप परत वर फेकणार. पंप ताशी ३००० लिटरवाला घेऊन ठेवलाय.

इथपर्यंत सगळं सोपं होतं, घोळ पाइपात झाला. हार्डवेअरवाल्याला म्हटलं १ इंची पीव्हीसी द्या, त्याने घरातल्या नळाच्या लायनीचा पांढरा यूपीव्हीसी दिला, तीन मीटर कापून रिक्षातून झेंड्यासारखा धरून आणला. बॉल व्हॉल्व्ह त्याच्याकडे महाग वाटला म्हणून शेतीच्या सामानाच्या दुकानातून घेतला, तिथे इंचात कोणी बोलतच नाही, तो म्हणाला १ इंच म्हणजे ३२, डोळे झाकून घ्या. आणि काचेत बसवायचे टँक कनेक्टर ऑनलाइन मागवले, त्यांच्यावर पण ३२ लिहिलंय. घरी येऊन जोडायला बसलो तर पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरायलाच तयार नाही, कनेक्टरमध्येही नाही. शेतीवाल्याला फोन केला तर म्हणे गॅसवर गरम करून दाबा, बसतो. मेव्हणा म्हणतो कानस मार.

तर प्रश्न असे की कानस मारून सोल्युशन लावलं तर टिकेल का, १ इंच पुरेल की सव्वा घेऊ, काचेला भोक केवढं सांगू, आणि लाइट गेल्यावर अख्खी टाकी हॉलमध्ये यायला नको यासाठी काय करायचं? आमच्याकडे दर गुरुवारी हमखास जाते.

प्रतिसाद १

कानस अजिबात मारू नका. सोल्युशन म्हणजे फेव्हिकॉल नव्हे, ते पाइप आणि फिटिंग दोन्हीचा पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, त्यासाठी पाइप गोल आणि सॉकेटमध्ये घट्ट पाहिजे. हाताने घासलेला पाइप एकीकडे सैल एकीकडे घट्ट होतो आणि बरोबर तिथूनच सहा महिन्यांनी थेंब येतो.

तुमची चूक नाही हो, आपल्याकडे १ इंच नावाचे तीन वेगळे पाइप विकतात. नळाच्या लायनीचा पांढरा यूपीव्हीसी, त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी, तो २८.६. आणि शेतीचा करडा, आयएस ४९८५ (पाइपचं भारतीय मानक) वाला, तो खरोखर ३२. एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. दुकानात जाताना व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) न्या, नसेल तर पाइपवर छापलेलं वाचा, दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नका.

ऑनलाइन मिळणारी टाकीची फिटिंग बहुतेक चायनीज, म्हणजे मिमीवाली, २०, २५, ३२. ती शेतीच्या पाइपला बसतात. तुमचे कनेक्टर ३२ चे, व्हॉल्व्ह ३२ चा, उपरा फक्त पाइप आहे. ३२ चा शेतीचा पाइप आणा, विषय संपला.

धागाकर्ता

अरे देवा. म्हणजे सगळ्यात महाग घेतलेली गोष्टच चुकीची. पण शेतीचा पाइप पातळ असतो ना, हाताने दाबला तर वाकतोय असं वाटतं, फुटणार नाही?

प्रतिसाद १

नाही फुटत. त्याच्यावर ४ किंवा ६ किलो असा दाब छापलेला असतो. १० मीटर उंच पाण्याचा दाब साधारण १ किलो, तुमचा संप ते टाकी दीड मीटर पण नाही. उलट भिंत पातळ म्हणून आतली वाट मोठी मिळते. आणि पांढरा पाइप वापरायचाच असेल तर दोन्हींच्या मध्ये आट्यांचा सांधा द्या, पांढऱ्याला १ इंची एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड), ३२ ला १ इंची एफटीए (आतून आटे असलेला), टेफ्लॉन टेप गुंडाळून. आटे दोन्हीकडे सारखे असतात. फक्त हाताने आवळून वर पाव फेरा, पान्याने जोर काढलात तर प्लॅस्टिकची एफटीए उभी चिरते. पितळी इन्सर्टवाली फिटिंग नका घेऊ, उद्या टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय टाकाल तर तांबं त्यांना सोसत नाही.

प्रतिसाद २

पाइपच्या आधी पाण्याचा हिशोब करा राव. ३००० लिटर हे पंपाच्या खोक्यावरचं, शून्य उंचीचं. वर चढवलं आणि चार एल्बो लावले की बरंच कमी होतं. पण खाली येणाऱ्या पाण्याला पंप नाही, ते नुसतं उतारावर येतं, म्हणून उतरता पाइप नेहमी चढत्यापेक्षा मोठा. चढता २५, उतरता ३२, आणि उतरत्याची दोन भोकं पाडून घ्या. दुसरं निव्वळ आणीबाणीचं, थोडं उंचावर, त्याला व्हॉल्व्ह बिलकुल नाही. पहिल्यात एखादं पान किंवा ऑस्करने फेकलेला दगड अडकला की दुसरं तुमची फरशी वाचवतं.

९० चा एल्बो जिथे टाळता येईल तिथे ४५ चे दोन. पंपाच्या डोक्यावर युनियन (हाताने उघडता येणारा जोड) लावाच, नाहीतर पंप धुवायला दर वेळी पाइप कापाल. पारदर्शक नळी लांबच ठेवा, आत शेवाळ धरतं.

प्रतिसाद ३

लाइट जाते म्हणताय तर पंपानंतर एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) टाका, पाणी मागे येणार नाही.

प्रतिसाद २

एनआरव्हीच्या भरवशावर झोपू नका. नवीन असतो तोवर ठीक, नंतर शेवाळ नाहीतर गोगलगाईचं पिल्लू पडद्यात बसतं आणि तो अर्धवट उघडाच राहतो, आणि हे कळतं कधी, तर लाइट गेल्यावर. त्यापेक्षा चढत्या पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीजवळ ठेवा आणि पातळीच्या जरा खाली त्याला छोटं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते, सायफन तुटतो. भोक महिन्यातून एकदा जुन्या ब्रशने साफ करायचं.

तुमच्या टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे साडेपाच लिटर. ३ सेंमी उतरलं तर १७ लिटर खाली, शिवाय पाइपातलं वेगळं. तेवढ्याने संपची पातळी ७-८ सेंमी चढेल, म्हणून चालू असताना संपमध्ये १० सेंमी तरी जागा मोकळी सोडा. आणि तोंड १० सेंमी खोल ठेवलंत तर ५० लिटरच्या वर खाली येईल, मग पोछा तयार ठेवा.

प्रतिसाद १

भोकाचं माप फोनवर सांगू नका, कनेक्टरच काचवाल्याच्या हातात द्या, प्रत्येक कंपनीचा दांडा वेगळ्या जाडीचा असतो. भोक मागच्या काचेत वरच्या बाजूला घ्या, तळात नको, म्हणजे उद्या गळलं तरी वरचं चार बोटं पाणी जाईल, मासे राहतील. काठापासून निदान भोकाएवढं अंतर सोडा. काच टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) नाही ना हे आधी विचारा, टफन काचेला ड्रिल लावलं की तिचा भुगा होतो.

धागाकर्ता (बारा दिवसांनी)

टाकी लागली! सगळं ३२ मध्ये केलं, चढता २५. सोल्युशन लावून पूर्ण एक दिवस वाळवलं, मग मासे न टाकता दोन दिवस नुसतं पाणी फिरवून ते फेकून दिलं. पहिल्याच दिवशी एक कनेक्टर टपटपत होता, बघतो तर मी रबराचं वायसर नटच्या बाजूला घातलेलं. टाकीच्या आतून, कॉलरखाली घातल्यावर थांबलं. गुरुवारी लाइट गेली तेव्हा संपसमोर पाट टाकून बसलो होतो, पाणी चढलं आणि काठाच्या तीन बोटं खाली थांबलं.

आता एकच राहिलंय, उतरत्या पाइपमधून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, रात्री आई उठून नळ चालू राहिला का बघते. पांढऱ्या पाइपाचा तिने पडद्याचा दांडा केलाय, तो परत मिळणार नाही.

प्रतिसाद २

पाण्याबरोबर हवा ओढली जातेय. उतरत्याच्या वरच्या टोकाला टी लावा, टी च्या डोक्यावर एंड कॅप, कॅपला ३ मिमीचं भोक, त्यात एअर पंपाची नळी आणि तिचा छोटा कॉक. कॉक थोडा थोडा फिरवत बसा, एका जागी आवाज एकदम बसतो. कॅप चिकटवू नका, नुसती दाबून ठेवा.